मोहाच्या बुंध्यावर करवत

मित्रांनो, माझ्या दोन्ही टोकांना लाकडी मुठी आहेत. दोन माणसं समोरासमोर उभी राहिल्याशिवाय मी जागची हलत नाही. मी करवत. नव्वदीच्या सुरुवातीला म्हशाच्या जत्रेत एका लोहाराने मला कमळूच्या हाती दिलं, तेव्हा माझे दात उन्हात लखलखत होते. आता गंजाने माझा रंग विटकरी झाला आहे.

कमळू शेणव्याजवळच्या एका पाड्यावर राहायचा. उभ्या उभ्या वाळलेली झाडं पाडायची आणि त्यांचे वासे, फळ्या काढायच्या, हा त्याचा धंदा. माझी एक मूठ त्याच्याकडे, दुसरी त्याची बायको भिमी हिच्याकडे. उभ्याने वाळलेल्या झाडाची फळी सहसा वाकत नाही, म्हणून पार शहापूरचे सुतार त्याला शोधत यायचे. काम संपलं की भिमी माझ्या दातांतला भुसा काढायची, तेल लावायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

एकदा भगीरथ नावाचा लाकडाचा व्यापारी दोन माणसं घेऊन आला. पाड्याच्या वरच्या अंगाला एक थोराड मोह वाळला होता, तो त्याला हवा होता. त्या मोहाची फुलं पाड्यातल्या बायका वर्षानुवर्षं वेचत आल्या होत्या; जिवंत असता तर त्यांनी तो कुणाला तोडू दिला नसता. मला बुंध्याला लावायच्या आधी भिमीने तिथलं गवत बाजूला सारलं, तर बुंध्यावरच्या मातीचा पोपडा गळून पडला. आत कुऱ्हाडीने चहूबाजूंनी साल सोललेली होती.

"ये झाड आपोआप नाय मेला," भिमी म्हणाली. "मारलाय त्याला. वर चिखल थापलाय."

कमळूने भगीरथकडे पाहिलं.

"मेलंय ना आता?" भगीरथ शांतपणे म्हणाला. "मग काप."

"आमी मेलेली झाडं कापतो, शेट. मारलेली नाय."

भगीरथने नुसती मान हलवली. त्याची माणसं कमळूवर तुटून पडली. कुऱ्हाडीच्या दांड्याने त्याला आडवा पाडला. त्यांच्यातल्या जैतू नावाच्या एकाने त्याचा उजवा हात ओढून माझ्या दातांखाली धरला आणि मनगटावर पाय दिला. दुसऱ्याने मला ओढलं. मित्रांनो, मला थांबता आलं नाही. कमळूची दोन बोटं पाचोळ्यात पडली. भिमीने दगड उचलून भगीरथचं कपाळ फोडलं, तेव्हा त्यांनी तिलाही लाथांनी तुडवलं.

मग त्या दोघांनी मला तशीच, रक्ताने भरलेली, मोहाला लावलं. वाळकं झाड हिसक्यांनी हादरतं, वरच्या फांद्या केव्हाही मोडतात. कमळू नेहमी वर बघत हळूहळू ओढायचा. हे दोघे रागाने ओढत होते. वर कडाडलं. माणसाच्या कमरेएवढी जाड फांदी जैतूच्या मांड्यांवर कोसळली. त्याचा जोडीदार पळाला. त्याच्यामागे कपाळ दाबत भगीरथही पळाला.

जैतू ओरडत राहिला. भिमीने पदर फाडून कमळूचा हात आवळून बांधला. मग मला उचलून ती जैतूपाशी आली. जैतूने डोळे गच्च मिटले. आता मी त्याच्यावर चालणार, असं त्याला वाटलं. मलाही तसंच वाटलं.

कमळू गुडघ्यांवर बसला आणि त्याने डाव्या हाताने माझी दुसरी मूठ धरली.

"हलू नको रे," भिमी म्हणाली.

आणि त्या दोघांनी मिळून फांदी कापली.

जैतूचा एक पाय कायमचा अधू झाला. भगीरथविरुद्ध साक्ष द्यायला मात्र तोच उभा राहिला. भगीरथ तुरुंगात गेला. अर्धवट कापलेला मोह पुढच्या वादळात पडला. कमळूने पुन्हा करवत ओढली नाही. भिमीने मला धुतलं, पण तेल लावलं नाही. तेव्हापासून मी कुडाच्या भिंतीवर टांगलेली आहे.

मित्रांनो, घरातल्या अवजारांना गंजू देऊ नका, त्यांना तेलपाणी करा. पण ती कोणत्या कामाला लावता, तेही बघा. आमच्या तोंडून कधी 'नाय' निघत नाही. ते तुम्हालाच म्हणावं लागतं.