पाच पाण्यांनी धुतलेला पडदा

नियमात तीनदाच धुवायचं होतं. उरलेली दोन पाणी साहेबांच्या समाधानासाठी. बाळंतपणात वारेबरोबर येणारा पातळ पडदा ऊती-पेढीत, म्हणजे टिश्यू बँकेत, साफ करून गोठवत आणि भाजलेल्या डोळ्यांवर शिवायला इस्पितळाला देत. साहेब प्रत्येक तुकडा खिडकीशी धरत. पिवळसर झाक दिसली की नापास. माणसाच्या पोटातली वस्तू काचेसारखी का असावी, हे विचारायची तिथे पद्धत नव्हती.

ती पेढीतली सगळ्यांत जुनी तंत्रज्ञ. उरलेल्या कात्रणांवर तिनेच अँटिऑक्सिडंटची चाचणी लावली होती. निळसर द्रवात कात्रणाचा अर्क टाकायचा. ताकद असेल तर रंग उडतो. भाजलेल्या डोळ्यात आतल्या आत जी जाळपोळ चालू राहते, ती शमवायला हीच ताकद थोडीफार कामी येते. तीनदा धुतलेल्याने रंग उडवला. पाचदा धुतलेल्याने ढिम्म काही केलं नाही.

"छान काम आहे," अहवाल चाळून साहेब म्हणाले. "पण तपासणीवाले रंग बघतात हो."

तिने मान डोलावली आणि चार महिने इमानेइतबारे पाचदा धुतलं.

गुरुवारी दुपारी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "प्लंबर आहे. तुंबलेला पाइप मोकळा करताना कॉस्टिक सोडा उडाला. उजवा डोळा. डावा लहानपणीच गेलाय." मग जरा थांबून, "तुमचाच भाऊ आहे म्हणतोय."

फ्रीझरमध्ये सात पाकिटं होती. सातही पाच पाण्यांची. आठवा तुकडा होता मंगळवारचा, तिसऱ्या पाण्यानंतरच साहेबांनी बाजूला काढलेला. रक्ताच्या, जंतूंच्या सगळ्या तपासण्या पार झालेला, द्रवाचा रंग बघता बघता उडवणारा, आणि पिवळसर म्हणून नापास. नापास माल सीलबंदच बर्फाच्या खोक्यात ठेवत आणि तो शनिवारी जाळायला जाई. ती जिना उतरून धावत कचऱ्याच्या खोलीत गेली. खोका रिकामा.

"तुम्हीच तर आज सकाळी न बघता सही करून पाठवलंत," सफाईवाल्या मावशी म्हणाल्या. "शनिवारपर्यंत घाण साठवायची कशाला, म्हणालात."

दुसऱ्या पेढीचा पडदा उद्या संध्याकाळी मिळणार होता. डॉक्टरीणबाई तोवर थांबायला तयार नव्हत्या. "झाकण म्हणून तरी काम करेल ना? आणा."

तिने पाकीट नेऊन दिलं आणि नोंदीच्या कागदावर 'पाचदा धुतलेला, ताकद जवळपास शून्य' असं लिहून सही केली. डॉक्टरीणबाईंनी ते वाचलं, तिच्याकडे बघितलं, आणि हातमोजे मागवले.

पडदा शिवून झाल्यावर भाऊ पट्टी बांधून पडला होता. "ताई, तू आलीस का? तुझ्या हातचा आहे म्हणे. मग लख्ख असणार. लहानपणी आंघोळीत माझे कान घासून सोलून काढायचीस, आठवतं?"

"जास्त धुतला गेलाय रे," ती म्हणाली. "त्यात फारसं काही उरलेलं नाही."

"असू दे. घाण तर नाही ना?"

"नाही," ती म्हणाली. "घाण अजिबात नाही."

"मग झालं तर," तो म्हणाला, आणि सवयीने उजवीकडे तिचा हात चाचपडू लागला. ती डाव्या बाजूला उभी होती. त्याला तो सापडायला वेळ लागला.