रंगाचे तीन हात

थकलोय मित्रांनो, तेव्हा पडल्यापडल्याच सांगतो. मी कंप मोजणारा एक जुना सेन्सर. दिसायला अंगठ्याएवढा. बुडाशी लोहचुंबक, डोक्यावर वायर आणि पोटात स्फटिकाची चकती. ती चकती जराशी हादरली की चिमूटभर वीज निघते, वायरीतून पेटीत जाते आणि पेटीवर आकडा उमटतो. दुसऱ्याच्या थरथरीचा आकडा सांगायचा आणि स्वतः गप्प बसायचं, एवढंच माझं आयुष्य.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र खोलीत झाला. तिथे मला आधी हळू, मग जोरात हलवून पाहिलं आणि मी बरोबर बोलतो असा कागद दिला. तेव्हा मी इतका तिखट होतो, की शेजारच्या इमारतीत मुंगी शिंकली तरी माझा आकडा हलायचा. हवं तर विश्वास ठेवू नका. ती मुंगी आता साक्षीला नाही.

कामाला लागलो ते तापलेल्या पोलादाच्या सळ्या करणाऱ्या कारखान्यात. तिथे भट्टीला वारा घालणारा एक पंखा होता, दोन माणसं एकावर एक उभी केली तर जेमतेम वरपर्यंत पोचतील असा. त्याचा दांडा दोन बेअरिंगांवर फिरायचा. बेअरिंग म्हणजे पोलादाच्या दोन कड्या आणि त्यांच्यामध्ये पळणाऱ्या गोळ्या. कडीचा एखादा टवका उडाला, की प्रत्येक गोळी तिथे ठेच खाते. ती ठेच मी मोजायची. वेळीच कळली तर बेअरिंग बदलता येतं. नाही कळली तर फिरता दांडा जागच्या जागी अडकतो, आणि मग तो पंखा कुणाच्या अंगावर जाईल हे पंखाच जाणे.

दर सोमवारी मोजमाप विभागातली एक बाई मला डब्यातून काढून एकेका बेअरिंगच्या घरावर, म्हणजे त्याच्या बाहेरच्या लोखंडी कवचावर, मिनिटभर चिकटवायची. तिचे वडील तिथलेच फिटर. सगळे त्यांना मामा म्हणत. मामांची रीत वेगळी. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मला पहिल्यांदा पाहून ते लेकीला म्हणाले, "हा बोटभर जावई आता मला शिकवणार होय?"

"शिकवत नाही बाबा, नुसतं मोजतो. आणि उलट बोलत नाही."

"मग राहू दे. घरात एक तरी गप्प माणूस हवं."

पण तीस वर्षं गोंगाटात काढल्यावर कान थकतातच. डॉक्टरने तपासलं, तर मामांचा उजवा कान गेलेला आणि डावा जायच्या वाटेवर. सुपरवायझरला सगळे आकडेसाहेब म्हणायचे, कारण तब्येत विचारली तरी तो टक्क्यांत सांगायचा. त्याने मामांना बजावलं, की यापुढे एकदा जरी उगाच मशीन बंद करा म्हणालात, तर तुमची बदली सामानाच्या खोलीत. बसून नटबोल्ट मोजायचे. मामा त्या दिवशी जेवले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात कारखाना बघायला मोठी मंडळी येणार होती. रंगाऱ्याला हुकूम सुटला, सगळं निळं कर. त्याने जी हलत नव्हती त्या प्रत्येक वस्तूला रंगाचे तीन हात दिले. पंख्याजवळ एक पाल डुलकी काढत होती, तीही सुटली नाही. महिनाभर निळी पाल फिरत होती त्या भिंतीवर.

सोमवारी मला त्याच रंगावर बसवलं. चुंबकाने धरलं, पण पायाखाली गादी घातल्यासारखं झालं. खालून काहीतरी बारीक, किणकिणतं येत होतं आणि रंगातच विरघळत होतं. माझ्यापर्यंत जे पोचलं ते मी सांगितलं. दोन. सातच्या वर धोका, दोन म्हणजे उत्तम.

मामांनी मात्र स्क्रूड्रायव्हर लावला आणि ते म्हणाले, "बेअरिंग गेलंय. बंद करा."

आकडेसाहेबाने पेटीकडे बोट दाखवलं. "दोन आहे, मामा. लेकीनेच मोजलंय. तुमचा कान किती दाखवतो?"

"कान काहीच दाखवत नाही."

"मग उद्यापासून सामानाच्या खोलीत बसा," असं म्हणून तो फाटकाकडे पाहुण्यांना घ्यायला गेला.

मित्रांनो, साक्षीदार मी होतो, आणि माझी साक्ष त्या म्हाताऱ्याच्या विरुद्ध पडली. गप्प राहण्याचा इतका कंटाळा मला कधी आला नव्हता.

लेक हळूच म्हणाली, "बाबा, ऐकू येत नाही तर कशाला हट्ट?"

मामांनी पाठ फिरवली, स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरली आणि टोक बेअरिंगच्या घरावर दाबलं. मग मूठ बाहीला पुसून तिच्या हातात दिली. "वर्षभर असंच ऐकतोय. कान गेले, दात आहेत अजून. चाव."

तिने चावलं आणि तिचा चेहराच बदलला. "वाळू चावल्यासारखं लागतंय."

"मग माझ्या या बोटभर जावयाला का लागत नाही?"

तिने टोक उचललं. ते टेकलं होतं तिथे रंगाला भोक पडून आतलं लोखंड चमकत होतं. ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने खिशातून घराची किल्ली काढली, तळहाताएवढा रंग खरवडला आणि मला उघड्या लोखंडावर बसवलं. मित्रांनो, काय ठेचा होत्या त्या. नऊ. तिने लाल बटण दाबलं.

पंखा थांबला. बेअरिंग उघडलं, तर कडीला नखाएवढा टवका आणि त्यातून पुढे गेलेली भेग. आकडेसाहेब पाहुण्यांना सांगू लागला, "आमच्या सेन्सरने वाचवलं."

"नाही साहेब," ती म्हणाली. "मी त्याला रंगावर ठेवलं होतं, तो चुकीचं सांगत होता. बाबांनी वाचवलं."

"त्यांना तर ऐकू येत नाही."

"नाहीच येत," मामा म्हणाले. "चावून बघितलं."

मामा निवृत्त होईपर्यंत पंख्याजवळच राहिले. मी आता खणात पडून असतो, वायर तुटलेली, चकतीला तडा. माझ्या जागी नवे सेन्सर आलेत, हुशार आहेत बिचारे. रंगारी मात्र अजून तोच आहे.

म्हणून म्हणतो, मित्रांनो, मोजणाऱ्याला विचारण्याआधी त्याच्या पायाखालची जागा खरवडून घ्या. आम्हाला रंगावर बसवलंत, तर आम्ही रंगाचीच तब्येत सांगू. आणि रंगाची तब्येत नेहमीच उत्तम असते.