कोटाचं तुटलेलं बटण

देवश्री मुजुमदारला मूर्ख माणसांचा राग येत नसे. राग यायचा तर समोरच्याला थोडी तरी किंमत द्यावी लागते. बालाघाटच्या कॉलेजात इतकी वर्षं गणित शिकवल्यावर तिने एक नजर कमावली होती. फळ्यापाशी उभा राहून भलतंच उत्तर ठासून सांगणाऱ्या पोराकडे ती ज्या नजरेनं पाहायची, त्याच नजरेनं दोन हजार पाच सालच्या हिवाळ्यात ती दर रविवारी आपल्या बैठकीत जमलेल्या तीन बाप्यांकडे पाहायची. त्यातला एक तिचा नवरा होता.

रजत सिंचन खात्यात बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क होता. सगळं ऑफिस त्याला बडे बाबूच म्हणे. त्याला रजत असं काही नाव आहे हे फक्त पगारपत्रकाला ठाऊक. त्याचा दोस्त नागसेन मेश्राम लालबर्राच्या शाळेत मास्तर. तिसरा अनुराग, औषधांच्या कंपनीचा माणूस, तिशीच्या आतला. बोलायला लागला की मराठीतून हिंदीत कधी घसरला ते त्यालाच कळत नसे. हे तिघं चहा पिऊन संगणकाला चिकटले की दुपारपर्यंत उठत नसत. इंटरनेट फोनच्या तारेवरचं, त्यामुळे तेवढा वेळ फोन मेलेला. बैहरहून आईनं फोन केला तर तिला बिचारीला एंगेजचाच आवाज ऐकू यायचा.

आणि हे सगळं कशासाठी, तर एका खेळासाठी. 'द एम्प्टी चेअर' म्हणजे रिकामी खुर्ची, असं त्याचं नाव. कुठल्या तरी अमेरिकन कंपनीनं इंटरनेटवर तो मांडला होता. वरवर पाहिलं तर पत्त्यांचा पोकर, खोट्या पैशांचा. पण त्याच्या पोटात एक गोष्ट होती. एका जुन्या हॉटेलात एकाच टेबलावर खेळणारे पाच जुगारी एकाच रात्री मेले. सहावी खुर्ची रिकामी सापडली. त्या खुर्चीत कोण बसलं होतं? कंपनी म्हणे, उत्तराच्या खुणा आम्ही फोटोंमध्ये, पत्त्यांमध्ये, वर्तमानपत्रातल्या जाहिरातींमध्ये लपवल्या आहेत, हुडका. आणि जगभरचे हजारो रिकामटेकडे एका फोरमवर हुडकत बसले होते. आपल्याला काय दिसलं ते एकमेकांना लिहून कळवत होते. बालाघाटचे तिघं दिवाळीच्या तीन पत्तीपलीकडे कधी गेले नव्हते, पण तेही रजतच्या नावच्या एकाच खात्यावरून त्यात होते.

"इस्पिकच्या सत्तीचा कोपरा मुडपलेला हाय," नागसेन पडद्याला नाक लावून म्हणायचा. "उगाच काहून मुडपतीन ते?"

"घडीमें देखो सर, चार बजके दस मिनट. चौका आणि दश्शी," अनुराग म्हणायचा.

"मले तर पडद्याच्या झालरीत काही तरी दिसून राह्यलं," रजत सांगायचा. ऑफिसात फायली चाळताना त्याच्या तोंडावर जे मळभ असे, ते इथं पार नाहीसं व्हायचं.

देवश्री दारात उभी राहून ऐकायची. एकदा तिनं सांगून पाहिलं. "बावन्न पत्ते, त्यात घड्याळ, झालर, टेबलाच्या रेघा. इतक्या वस्तू घेतल्या की कशाचाही कशाशी मेळ बसतो. उद्या माझ्या पोळ्यांच्या डागांतूनही तुम्हाला खुनी सापडेल."

"वहिनी, तुमी एकदा खेळून तं पाहा," नागसेन म्हणाला.

ती हसली, आणि कप गोळा करून आत गेली. हसताना नाकाचा शेंडा किंचित वर जायचा तिचा. विद्यार्थी त्याला फार भीत.

डिसेंबरात एक दिवस कॉलेजच्या संगणकावर तासाची वाट पाहताना तिला लहर आली. त्या फोरमवर तिनं आपल्या मोलकरणीचं, मैनाबाईचं नाव घेऊन खातं उघडलं आणि इंग्रजीत एकच ओळ लिहिली: पत्ते मोजू नका, काइंडली पत्ते वाटणाऱ्याच्या कोटाची बटणं मोजा. त्या ओळीला काही अर्थ नव्हता. नसावा म्हणूनच तिनं ती लिहिली होती. माकडांपुढे आरसा टाकावा आणि गंमत पाहावी, एवढंच तिच्या मनात होतं.

माकडांनी आरसा डोक्यावर घेतला. त्या रविवारी बैठकीत दुसरा विषय नव्हता. खेळातल्या फोटोत पत्ते वाटणाऱ्याच्या कोटाचं एक बटण खरंच तुटलेलं होतं. तुटलेलं बटण म्हणजे उठून गेलेला माणूस, म्हणजे सहावा खेळाडू, असं कॅनडातल्या एका बाईनं सिद्ध केलं होतं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की ही मैना कोण ते सांगत नाही, पण 'काइंडली' असं लिहिते. असं कोण लिहितं? हिंदुस्थानातली माणसं. म्हणजे सहावा खेळाडू हिंदुस्थानात पळाला.

"आणि फोरमवर हिंदुस्थानातला मीच एक हाय," रजत म्हणाला. "सगळे मलेच विचारून राह्यले. तुझ्याजवळपास एखादी जुनी जागा हाय का म्हणते, जमिनीखालची."

"मग?" देवश्रीनं विचारलं.

"मी लिहिलं, हट्टा गावची बावली. पायऱ्यांची जुनी विहीर."

तिला इतकं हसू आलं की पदर तोंडावर धरून स्वयंपाकघरात जावं लागलं. ती ओळ आपली आहे हे तिनं तेव्हा सांगितलं नाही. हा तमाशा कुठवर जातो ते तिला पाहायचं होतं. पुढच्या रविवारी ते हट्ट्याला निघाले, तेव्हा ती म्हणाली, मीही येते. रजतला आनंद झाला. किती वर्षांत तिनं त्याच्याबरोबर कुठं जायची इच्छा दाखवली नव्हती.

दोन मोटरसायकलींवर चौघं गेले. वाटेत धानाच्या मळण्या चालल्या होत्या. बावली तिनं लहानपणी पाहिलेली होती: पायऱ्या उतरत गेलं की दगडी खांब, खालच्या अंगाला थंडगार दालनं, आणि तळाशी हिरवट पाणी. राखणदार वर उन्हात बसून विडी ओढत होता. हे कोणी सरकारी लोक असावेत असं वाटून तो उभा राहिला.

तिघंही कामाला लागले. अनुराग खांब मोजत होता. नागसेन एका कोनाड्यात टॉर्च मारून दगडावरच्या छिन्नीच्या खुणा पाहत होता. रजत कॅमेऱ्यानं पायऱ्यांचे फोटो काढत होता, फोरमवर टाकायला. एका खांबावर दगडाचा बारीक गोल टवका उडालेला होता. अनुरागनं त्यावर बोट ठेवलं.

"सर, बटण."

तिघंही त्या टवक्यापुढे असे उभे राहिले, जणू देवाचं दर्शन घेताहेत. चाळिशी उलटलेला मास्तर, सरकारी बडे बाबू, आणि खोकल्याची औषधं विकणारा पोरगा. देवश्रीला आता हसू येईना. तिला किळस आली. ओली भिंत, कोंदट वास, आणि तिच्या एका फालतू ओळीपुढे हात जोडून उभी राहिलेली ही माणसं.

"ती ओळ मी लिहिली," ती म्हणाली.

अनुरागचं बोट टवक्यावरच राहिलं.

"मैना म्हणजे मी. कॉलेजातून लिहिली. बटणांचा कशाशी काही संबंध नाही. तुम्ही किती खाली जाता ते पाहायचं होतं मला. पाहिलं."

रजतनं कॅमेरा खाली केला आणि तिच्याकडे पाहिलं. मग तो पाण्याकडे पाहत राहिला.

बोलला तो अनुराग, अगदी हलक्या आवाजात. "भाभी, ये बोलने के लिए आपको किसने कहा?"

"कुणी कशाला सांगेल?"

"नाही, म्हणजे कंपनीवाले कधी तुम्हाला भेटले का? फोन आलता का? आप बता नहीं सकतीं तो मत बताइए. मैं समझता हूँ."

तिनं नागसेनकडे पाहिलं. निदान हा मास्तर आहे, ह्याला तरी कळेल. नागसेननं टॉर्च विझवली. "वहिनी, हे तुमी इथंच काहून सांगितलं? घरी बी सांगता आलं असतं. खाली उतरल्यावरच काहून?"

ती पायऱ्या चढून वर आली आणि ते येईपर्यंत राखणदारापाशी उन्हात बसून राहिली. परतताना ती रजतच्या मागे न बसता अनुरागच्या गाडीवर बसली.

घरी आल्यावर तिनं रजतच्या देखत फोरमवर मैनाच्या नावानं लिहिलं, की हे सारं मी रचलेलं आहे, ह्यात काही नाही, काइंडली थांबा. सकाळपर्यंत उत्तरांचा ढीग पडला. कॅनडातली बाई लिहीत होती, की तिला गप्प बसवण्यात आलं आहे. दुसऱ्या कुणाला तर ह्या नकारातच कबुली दिसली. आणि त्यांच्यामध्ये रजतनं हट्ट्याचे फोटो टाकले होते. खाली देशोदेशीच्या माणसांनी लिहिलं होतं: शाबास रजत. रजत, पुढं काय दिसतं? रजतला विचारा.

"अहो, मी तुमच्यासमोर लिहिलं ना?" ती म्हणाली.

"हौ," रजत म्हणाला, आणि फोटोंखाली उत्तरं लिहू लागला.

जानेवारीत कंपनीनं खेळ संपवला. सहाव्या खुर्चीत हॉटेलमालकाची बायको बसली होती. तिचं नाव जाहिरातींच्या पहिल्या अक्षरांत दडवलेलं होतं आणि ते जपानातल्या एका पोरानं शोधलं होतं. खेळ रचणाऱ्यांपैकी एकानं गमतीनं लिहिलं, की कोट भाड्याचा होता, बटण आधीच तुटलेलं होतं. देवश्रीनं ते वाचलं. तिला वाटलं होतं फार समाधान होईल. फोरमवर अर्धे लोक म्हणत होते, की ही कंपनीची चाल आहे, खरं उत्तर अजून हट्ट्यालाच आहे.

त्या संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "आता तरी पटलं का?"

"काय?"

"की मी खरं बोलले होते."

रजतनं घास चावून गिळला. "ते तं मले बावलीतच पटलं होतं. तू खोटं बोलत नाहीस. बोललीस तरी तुले पचत नाही."

तिनं हातातला घास ताटात ठेवला. "मग फोटो टाकले कशाला? इतके दिवस त्या लोकांना..."

"ते विचारत होते."

"आणि नागसेन भाऊजी?"

"त्यालेही कळलं होतं. परतताना गाडीवर आम्ही लई हसलो." त्यानं पाण्याचा घोट घेतला. "अनुरागले नाही सांगितलं. त्याचा जीव हाय त्यात."

"म्हणजे तुम्ही मूर्ख नाही. लबाड आहात."

"असीन," तो म्हणाला, आणि भाजी वाढून घेतली.

देवश्रीनं ताट अर्धं टाकून उठायचं ठरवलं, पण उठली नाही. आजवर नवऱ्याला तिनं एका ठरलेल्या खणात ठेवलं होतं. त्या खणावर भोळा असं लिहिलेलं होतं, आणि तिच्या मनातली तुच्छता त्यात छान मावत असे. आता त्याला कुठं ठेवावं ते तिला कळेना. मूर्खावर हसता येतं. हा तर तिच्याच विनोदावर तिच्या पाठीमागे हसला होता, भर रस्त्यात, मोटरसायकलवर, आणि ती दुसऱ्या गाडीवर ताठ बसून त्याची कीव करत होती.

पुढच्या रविवारी नागसेन आणि अनुराग आले. नवा कुठला तरी खेळ निघाला होता, ह्या वेळी बुडालेल्या जहाजाचा. देवश्रीनं चहा आणून ठेवला आणि पहिल्यांदाच दारात न थांबता खुर्ची ओढून बसली. नागसेन जहाजाच्या शिडाकडे बोट दाखवत काही सांगत होता. रजत मान डोलावत होता.

ती एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागली. हा खरं मानतोय, की नुसता बोलतोय? नागसेनच्या भिवया गंभीर होत्या. रजतचा चेहरा अनुरागइतकाच रंगला होता. आणि अनुरागचा? त्याच्याबद्दल तरी आपल्याला खात्री आहे, असं तिला वाटलं. तेवढ्यात त्यानं तिच्याकडे वळून विचारलं, "भाभी, आपको क्या लगता है?"

त्याच्या डोळ्यांत थट्टा आहे की भक्ती, ते तिला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.