दुसऱ्या पानावरचं ‘च्च’

बाईंनी मला त्यांचा जुना पियानो दिला तेव्हा एकच अट घातली होती. “रोज पंधरा मिनिटं. ज्या दिवशी वाटेल की आता होत नाही, त्या दिवशी सरळ कळव. दुसरी एक मुलगी वाट बघतेय.”

त्या लहान घरात राहायला जात होत्या, तिथे पियानोला जागा नव्हती. आणि मी तिशीला टेकल्यावर पहिला धडा घ्यायला त्यांच्याकडे गेलेली, त्यांची सगळ्यात मोठी आणि सगळ्यात मठ्ठ विद्यार्थिनी. तरी त्यांनी तो मला दिला. अजूनही झाकण उघडताना दर वेळी मनात येतं, मलाच कसा दिला?

मग लेक झाली. सासूबाई तिला ठकी म्हणतात, आम्हीही तेच म्हणायला लागलो. सहा महिन्यांच्या रजेत माझी पंधरा मिनिटं दुपारच्या झोपेत बसायची. ठकीला पाळण्यात टाकलं की मी मधलं पेडल दाबून वाजवायला घ्यायची. ते दाबलं की तारांवर लोकरीची पट्टी येते आणि सूर पांघरुणातून बोलल्यासारखे ऐकू येतात. तुकडा एकच, दोन पानांचा, तीनच्या ठेक्यातला जुना संथ नाच. पहिलं पान झोकात जायचं. दुसऱ्या पानावर पहिल्याच ओळीत उजवा अंगठा मधल्या बोटाखालून सरकवून पुढच्या पट्टीवर न्यायचा असतो. माझा तो हटकून शेजारच्या पट्टीवर पडायचा. मग मी थांबायची, “च्च” म्हणायची आणि ओळभर मागे जाऊन पुन्हा सुरू करायची. पुन्हा तिथेच. पुन्हा च्च.

“तिथे सिग्नल लागतो का गं?” नवरा विचारायचा.

बाई म्हणायच्या, “चुकलीस तर चुकीसकट पुढे जा. एकदा कुणाला तरी शेवटपर्यंत ऐकव, मग नवीन तुकडा देते.” मी शहाण्यासारखी मान हलवायची आणि घरी येऊन पुन्हा ओळभर मागे.

सासूबाई तेव्हा मागे खुर्चीत बसून दुपट्यांच्या घड्या घालत असायच्या. बऱ्यावाईट एका शब्दाने कधी बोलल्या नाहीत. मी धरून चालले होते की त्यांना ही कटकट वाटते, आणि चांगुलपणाने त्या गप्प बसतात.

रजा संपेपर्यंत एकदा तरी तुकडा पुरा करायचा असं ठरवलं होतं. नाही झाला.

सोमवारी कामावर रुजू झाले. आमच्याकडे कवळ्या बनतात. छोट्या दिव्याखाली बसून गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा, चिमट्याने केसभर इकडे, केसभर तिकडे. सहा महिन्यांनी हाताला ते सगळं आठवलं याचंच अप्रूप वाटलं. पण घरी पोचेपर्यंत सात. मग ठकीचं पाजणं, आंघोळ, स्वयंपाक, आणि माझी मान आपोआप पुढे पडायला लागायची. पियानोच्या झाकणावर सोमवारी माझी पिशवी बसली, मंगळवारी धुतलेली दुपटी, बुधवारी ठकीच्या बाटल्यांचा ट्रे. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर लिहिलं, “बाई, पियानो त्या मुलीला द्या. माझ्याने होत नाहीये.” पाठवायचं बटण काही दाबवेना. फोन उपडा ठेवला आणि पुढच्या दाढेकडे वळले.

तेवढ्यात कवळ्या पक्क्या करायची भट्टी बंद पडली. आमचे मुख्य कारागीर हात झटकत म्हणाले, “जा घरी. दात काय कुठे पळून जात नाहीत.”

दुपारी तीनला मी माझ्याच घराच्या दारात चोरासारखी उभी होते. ठकी झोपली असेल म्हणून किल्ली हळूच फिरवली. आत कुणीतरी गुणगुणत होतं.

तां, तां-ता, तां. तीनचा ठेका. सासूबाई पाळण्याची दोरी ओढत माझं पहिलं पान गात होत्या, पहिल्या सुरापासून, एकही जागा न सोडता. दुसरं पान सुरू झालं. अंगठ्याच्या जागेशी आल्या, नेमका माझाच चुकीचा सूर लावला, थांबल्या आणि म्हणाल्या, “च्च.”

आणि ओळभर मागे गेल्या.

दुसऱ्या ‘च्च’ला ठकीच्या पापण्या जड झाल्या. तेवढ्यात माझी पिशवी दाराला आपटली आणि त्या टक्क उघडल्या.

“घ्या!” सासूबाई वळल्या. “मिटत आलेले डोळे उघडलेस.”

“आई, तुम्हाला हे कसं येतं?”

“न येऊन सांगते कुणाला? सहा महिने कानाशी बसून ऐकवलंस. सोमवारी ही रडून रडून लाल झाली. कडेवर घेतली, खिडकीशी नेली, छे! शेवटी हे आठवलं. पण च्च म्हटल्याशिवाय झोपत नाही कार्टी. एकदा विसरले तर भोकाड पसरलंन्.”

मला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते. “मग पुढचं का नाही म्हणत?”

“पुढचं तू वाजवलंयस कधी?”

मी झाकणावरच्या ट्रेकडे बघितलं.

“तो ट्रे उचल आधी तिथून,” त्या म्हणाल्या. “चार दिवस जिवाला घोर लागलाय, पुढे होतं तरी काय.”

दुपटी खुर्चीवर गेली, ट्रे जमिनीवर. मी हात धुतले, तरी बोटांना मेणाचा वास होताच. मधलं पेडल दाबलं. पहिलं पान गेलं. दुसरं आलं, अंगठा खालून निघाला आणि शेजारच्या पट्टीवर पडला. हात थांबणारच होते. पण मागे सासूबाई पुढचं ऐकायला ताटकळल्या होत्या. मी तशीच पुढे गेले.

मागून सासूबाईंनी माझ्या वतीने म्हटलं, “च्च.”

हसताहसता वाजवत राहिले. अडखळत, दोनदा वेग सोडून, पण शेवटच्या सुरापर्यंत. तो विरेपर्यंत पट्टी दाबून धरली.

वळून बघितलं. ठकी गाढ झोपली होती, मूठ कानाशी. सासूबाईंचा हात दोरीवर तसाच.

“अच्छा, उतरत जातं होय,” त्या हळूच म्हणाल्या. “मी आपली चढत असेल म्हणून बसले होते.”

मी फोन काढला, जुनं लिहिलेलं पुसलं आणि नवीन पाठवलं, “बाई, आज शेवटपर्यंत ऐकवलं. एक सूर चुकला. पियानो इथेच राहू दे.”

“काय खुडबुड चाललीये?” सासूबाई म्हणाल्या. “पुन्हा वाजव. आणि रोज आलीस की आधी हे, चुलीचं मी बघते. पण सावकाश हं. मला उद्या दुपारच्या आत पाठ करायचंय.”