सीटवरचा बांध

लंकाबाईच्या धाकट्या पोराची, कल्याणची, पोरगी पंकजा हिचं बारसं झालं ते साल २०२३. त्याच साली दोन्ही भावांनी वाटण्या करून घेतल्या. जमीन वाटली, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, गाय सहा महिने या दावणीला आणि सहा महिने त्या दावणीला. राहिली ती बापामागं उरलेली मोटारसायकल. ती काही करवतीनं कापता येईना. मग थोरला श्रीमंत आणि धाकटा कल्याण शेवगावात नूरुद्दीन सीटवाल्याकडं गेले आणि सीटच वाटून घेऊन आले. पुढचा भाग मिरचीसारखा लाल, तो श्रीमंतचा. मागचा हळदीसारखा पिवळा, तो कल्याणचा. मधे बोटभर पांढरी पट्टी शिवलेली, तो बांध.

गाडी चालवता यायची ती श्रीमंतला, म्हणून पुढचा वाटा त्याला. कल्याणला चालवता येत नव्हती, पण हक्क तो हक्क. श्रीमंत एकटा बाजाराला गेला तर पिवळ्या भागावर साधी पिशवी ठेवायची त्याला सोय नव्हती. आणि कल्याण रोज संध्याकाळी उभ्या गाडीवर मागं अर्धा तास नुसता बसून राहायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "वहिवाट मोडली का हक्क गेला."

लंकाबाई हे बघायची आणि चुलीत लाकूड सारायची. तिनं हक्कसोडीच्या कागदावर अंगठा उठवून आपलं सगळं पोरांना देऊन टाकलं होतं.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी घोडेगावाहून भाची सुरेखाचा फोन आला. "मावशी, आई लई थकली. तुझंच नाव घेती. ओळखती तवर ये."

आई म्हणजे पुष्पावती, लंकाबाईच्या पाठची बहीण. तीन वर्षांत दोघींची गाठ नव्हती. लंकाबाईनं लगोलग ठेवणीतलं लुगडं नेसलं. एसटी फाट्यावर सोडते, तिथून सुरेखाची वस्ती चार किलोमीटर आत, आणि लंकाबाईचे गुडघे तेवढे चालणारे नव्हते. शेजारचा आप्पासाहेब जीप काढायला तयार होता. पण दोन्ही पोरं अंगावर आली. घरची गाडी असताना आई लोकाच्या जीपमधी? भावकीत तोंड कसं दाखवायचं? वाटण्या झाल्यापासून दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर.

"चल आई, मागं बस," श्रीमंत म्हणाला.

"मागं म्हंजे माझ्यात," कल्याण म्हणाला. "बसू दे की. माझीबी आई हाय. पर माझ्या वाट्यात माझ्याबिगर कुनी जायचं न्हाई. मीबी येनार."

"ये मग. आई मधी बसंल."

"मधी म्हंजे बांधावर. तुझ्यात किती आन् माझ्यात किती?"

श्रीमंत वीत लावून मोजायला लागला. कल्याण खाली वाकला, पट्टीकडं डोळा बारीक करून बघितलं आणि ओरडला, "दादा, पट्टी दोन बोटं मागं आली! तू बांध कोरलास!"

"आरं येड्या, रेक्झिन हाय ते. ताणतं."

"तुझ्या वजनानं ताणतं. म्हंजे तूच कोरला."

"तुमचा बांध ऱ्हाऊ द्या खड्ड्यात," लंकाबाई म्हणाली. "माझी भन चालली तिकडं."

"पाच मिंटं आई," दोघं एकदम म्हणाले.

मोजणी झाल्याशिवाय वादातल्या जागेवर कुणी बसायचं नाही, असं ठरलं. मग एकानं हँडल धरलं, दुसऱ्यानं मागून रेटा दिला आणि वरात शेवगावाकडं निघाली. चार किलोमीटर चालवत नाही म्हणून जी बाई गाडीवर जाणार होती, ती रिकाम्या गाडीमागं दोन किलोमीटर चालत गेली.

नूरुद्दीनच्या दुकानात त्याची बायको मुबारकबी मशीनवर बसलेली होती. लंकाबाईला बघून तिनं आधी पाणी दिलं, मग विचारलं, "लंकाक्का, ही गाडी बंद पडली काय?"

"गाडी चालू हाय. पोरं बंद पडली."

नूरुद्दीननं सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "बाबांनो, मी सीट शिवतो. सातबारा न्हाई काढत."

पण सोडतात कुठं! सीट खोलून फळीवर ठेवली. नूरुद्दीननं टेप लावला. श्रीमंत म्हणाला, पुढून मोजा. कल्याण म्हणाला, मागून. पुढून मोजलं तर पट्टी जागेवर होती आणि मागून मोजलं तर सरकलेली. कल्याणला आता बांधावर पितळी खिळे ठोकून पाहिजे होते, हद्दीच्या दगडासारखे. श्रीमंत म्हणाला, "आन् आई त्या खिळ्यांवर बसनार व्हय रं?" कल्याण म्हणाला, "बसली तर बसली. हद्द तर कळंल."

दुपार कलली. पुन्हा फोन वाजला. सुरेखा रडत होती. "मावशी, निघालीस का? आई डोळं उघडंना."

"निघाले," लंकाबाई म्हणाली. तिच्यासमोर बिनसीटची गाडी उभी होती.

तिनं फोन कमरेला खोचला आणि फळीपाशी गेली. "माझा वाटा कुठं हाय?"

"कसला वाटा, आई?"

"बापामागं तीन वाटे पडत्यात. दोन पोरांचे, एक माझा. म्या सोडला तो जमिनीचा, घराचा आन् विहिरीचा. कागद वाचून दाखवला तवा त्यात गाडी न्हवती. व्हती का?"

दोघांनी कागद आठवून बघितला. गाडी खरंच नव्हती.

"न्हवती ना? मग काढा माझी जागा. बरूबर मधी."

मुबारकबीनं कात्री हातात घेतली, नवऱ्याला विचारलंसुद्धा नाही. "लाल-पिवळं तर संपलं, अक्का. एका रिक्षाचा तुकडा उरलाय. पोपटी हाय, वर गुलाबाची फुलं."

"काटं असलं तरी चालंल. हान मशीन."

चार इंच लालमधून गेले, चार पिवळ्यातून. पांढरी पट्टी तेवढी केराच्या डब्यात गेली. सीट चढवली तेव्हा श्रीमंतला टाकीवर चढून बसावं लागलं आणि कल्याण मागच्या दिव्यावर आला. लंकाबाई मधे गुलाबांवर ऐसपैस बसली. दोघंही आपापल्या टोकाला अंग चोरून बसले. करणार काय? हद्द पक्की होती.

वाटेत श्रीमंतनं एका हॉटेलापाशी वेग कमी केला. "घोटभर च्या घेऊ."

"तुझा वाटा थांबव," लंकाबाई म्हणाली. "माझा थांबायचा न्हाई."

कल्याण मागून म्हणाला, "माझाबी न्हाई थांबायचा." त्याचा थांबला असता तर तो रस्त्यावरच पडला असता.

दिवस मावळायच्या आत ते वस्तीवर पोचले. पुष्पावती खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. लंकाबाईनं तिच्या कपाळावर हात ठेवला तसे तिनं डोळे उघडले.

"लंके, कशानं आलीस?"

"माझ्या गाडीवर."

"तुझी कवापासनं?"

"दुपारपासनं."

पुष्पावतीला ते खरं वाटेना. दाखव म्हणाली. मग दोन्ही पोरांनी गाडी उंबऱ्यावरून आत घेतली, पाण्याचं पिंप सरकवलं आणि खाटेला टेकवून उभी केली. पुष्पावतीनं गुलाबांवर हात फिरवला, एकदा लालवर, एकदा पिवळ्यावर.

"लई भडक हाय गं," ती म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता खोकली. सुरेखानं तिला पाणी पाजलं. लंकाबाई खाटेवर जागा करून तिच्या शेजारी आडवी झाली आणि दोघी बोलत राहिल्या. पोरांना कुणी बसा म्हटलं नाही, म्हणून ते गाडीवर आपापल्या जागेत बसून राहिले.

लंकाबाई दोन दिवस तिथंच राहिली. पुष्पावती गुरुवारी, १४ डिसेंबर २०२३ ला, सकाळी अकराच्या सुमाराला वारली.