मस्तकनाथांचं काळं तीर्थ

पुण्याजवळच्या मांजरीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मांडव घातला होता आणि त्यात माणसं डोकी धरून बसली होती. मस्तकनाथ महाराज वाटीवाटीने काळं तीर्थ पाजत होते. पोटात गेलं की अर्ध्या-पाऊण तासात डोकेदुखी गायब! बायका टाळ्या पिटत होत्या, एक आजोबा चक्क फुगडी घालत होते.

अट एकच. आधी दोन दिवस चहा बंद.

"चहा म्हणजे मेंदूतलं विष!" महाराज गरजायचे. "सोडलात की विष उसळणार, डोकं ठणकणार. तेव्हाच माझ्याकडे यायचं!"

आणि खरंच, नुसती गंमत म्हणून चहा सोडलेल्यांचीही डोकी ठणकायची.

मीही पोट धरून हसले असते. पण तिथे माझ्या सासूबाई, तुळजाबाई बसल्या होत्या. परवा भाजी निवडताना त्यांच्या डोक्यात एकदम कळ आली, जन्मात आली नव्हती अशी. तेव्हापासून डावी पापणी अर्धी मिटलेली. सकाळी तीर्थ घेऊनही त्या कण्हत होत्या.

"देवी डोळा मिचकावतेय," महाराज म्हणाले. "अजून तीन दिवस बसा."

देवीला दुसरे उद्योग नाहीत का? मी म्हटलं, "आई, दवाखान्यात चला."

"एवढ्या लोकांचं थांबलं, माझं बी थांबंल. हितंच बसणार हाय मी."

मी तशीच वरच्या मजल्यावरच्या डॉक्टर नाजिमांकडे धावले. त्यांनी आधी ॲम्ब्युलन्स बोलावली, मग म्हणाल्या, "ती येईपर्यंत त्यांना उठायला तयार करायला हवं. चहा टाका. पातेलंभर!"

आल्याचा वास मांडवात शिरला आणि उपवास कोलमडला. महाराज शाप देत राहिले, लोक बशीत ओतून भुरके मारत राहिले. ॲम्ब्युलन्स ट्रॅफिकमधून वाट काढेपर्यंत अर्ध्या लोकांची डोकेदुखी उतरलीसुद्धा.

"रोज चहा घेणाऱ्याने तो एकदम तोडला की मेंदूभोवतीच्या रक्तवाहिन्या फुगतात, डोकं दुखतं," नाजिमांनी सांगितलं. "चहा-कॉफी पोटात गेली की त्या पुन्हा आवळतात." त्यांनी तीर्थ हुंगलं. "लवंग, कापूर आणि कॉफी."

"आमचा चहा तोडून कॉफी पाजलीत?" सोसायटीचे अध्यक्ष संभाजीराव उसळले. "तीही बिनसाखरेची?"

मांडव हास्याने दणाणला. महाराज चपला शोधू लागले.

नाजिमा मात्र सासूबाईंसमोर बसल्या. "तुळजाबाई, तीर्थाने या लोकांचं थांबलं, तुमचं नाही. कारण तुमचं दुखणं चहाचं नाहीच. एखादी रक्तवाहिनी फुगून पापणीची नस दाबत असेल. ती रक्तवाहिनी फुटायच्या आत चला."

सासूबाईंनी त्या हसऱ्या गर्दीकडे पाहिलं. मग माझा हात धरून उठल्या.

नाजिमांचा अंदाज खरा निघाला. त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. "तीन दिवस थांबला असतात, तर रक्तवाहिनी फुटली असती," सर्जन म्हणाले.

लोक अजून म्हणतात, "पण तीर्थाने बरं वाटायचं हो!" वाटायचंच. म्हणून तर विचारायचं, का वाटलं? आणि ज्याला वाटलं नाही, त्याला आधी दवाखान्यात न्यायचं.