वस्फियाचा साक्षीदार

मी वस्फियाचा फ्रिज बोलतोय. मधेच घरघरलो तर सांभाळून घ्या. वय झालंय, पण जीभ शाबूत आहे.

जेरुसलेमच्या जुन्या शहरातल्या या गल्लीत मी तिसऱ्या हाती आलो. शेजारच्या अबू नासरनं मला दुरुस्त केलं, दोरीनं पाठीला बांधलं आणि चव्वेचाळीस पायऱ्या चढवून वर आणलं. वस्फियानं पैशांचं नाव काढताच तो ओरडला, "गप गं! तुझ्या बापाच्या मांडीवर वाढलोय मी."

वस्फिया याच गल्लीत जन्मली. लग्न होऊन कुवेतला गेली, वीस वर्षं संसार केला, नवरा वारल्यावर परत आली. तोवर सरकारी कचेरीनं, इतकी वर्षं बाहेर राहिली म्हणून, तिचा इथं कायम राहायचा हक्क काढून घेतला होता. परत हवा तर दोन वर्षं सलग इथंच राहून दाखव, म्हणाले. जन्मगावात राहून दाखवायचं! काय म्हणावं याला?

ती खरंच इथं राहते का हे बघायला कचेरीचा तपासनीस न सांगता यायचा. आधी दात घासायचा ब्रश ओला आहे का बघायचा, मग माझं दार उघडायचा. अंडी मोजायचा, दह्याचा वास घ्यायचा. म्हणून वस्फिया मला कधी रिकामं ठेवत नसे. ऑलिव्ह, चक्का, भरलेली द्राक्षाची पानं, सगळं असायचं. मला भारीच मोठेपणा वाटायचा. अबू नासरची बायको, उम्म नासर, एकदा तपासनीसाला तोंडावर म्हणाली, "साहेब, स्वतःच्या घरी उघडता का हो फ्रिज, की बायको हातावर मारते?" तो हसला नाही.

दोन वर्षं भरायला अकरा दिवस होते आणि अबू नासर गेला. सकाळी दुकानात बसल्या बसल्या.

आमच्याकडे दुःखाच्या घरात तीन दिवस चूल पेटत नाही, गल्ली जेवू घालते. वस्फिया रडत रडत माझ्यातलं सगळं काढू लागली. अगं, थोडं तरी ठेव, मी घरघरलो. पण माझं कोण ऐकतंय! कोंबडी गेली, अंडी गेली, मोठं पातेलंसुद्धा गेलं. मग ती तिकडेच जेवली, उम्म नासरला धरून तिकडेच झोपली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती कपडे बदलायला आली, तर मागोमाग तपासनीस. ब्रश कोरडा. माझ्यात अर्धं लिंबू आणि पाण्याची बाटली.

"इथं कुणी राहत नाही," तो लिहिता लिहिता म्हणाला.

"अहो साहेब, शेजारी मयत झालंय! सगळं तिकडे दिलं. चला, पातेलं दाखवते."

"शेजारचं घर तपासायला आलो नाही मी."

अर्ज फेटाळला. महिनाअखेर तिनं सरहद्दीवरच्या पुलापलीकडे, देशाबाहेर निघून जायचं. दोन वर्षं तिचं खाल्लं आणि ऐन वेळी मीच तिला खोटं पाडलं. आग लागो माझ्या थंडाव्याला!

काल गल्लीला कळलं. पहिली उम्म नासर आली. अंगावर काळे कपडे, हातात वस्फियाचंच पातेलं, मसूरभातानं भरलेलं.

"आज चूल पेटवायची नाही हं, पोरी," एवढंच म्हणाली.

मग एकेक करत सगळ्याजणी आल्या. कुणी कोंबडी आणली, कुणी भरलेली वांगी, कुणी दही. माझं दार लागेना. वस्फिया माझ्यासमोर जमिनीवर बसून बघत राहिली.

साहेब, एकदा परत या हो. आज उघडा मला.